दहा मिनिटे वजा

संध्याकाळी सहा वाजता बोट सुटली. माझ्या तबकडीवरही तेव्हा सहाच वाजले होते. माझे मालक धापा टाकत धक्क्याच्या फाटकातून आत आले, तोवर बोट आणि धक्का यांच्यामध्ये दोन हात पाणी पडले होते. त्यांनी धक्क्यावरच्या मोठ्या घड्याळाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, मग पुन्हा मोठ्या घड्याळाकडे. आणि ते म्हणाले, "आज हे बरोबर कसं?"

मित्रांनो, मी एक जुने मनगटी घड्याळ आहे. घड्याळ मागे पडले, बंद पडले आणि माणसाला उशीर झाला, अशा गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. माझी गोष्ट उलटी आहे. मी बरोबर वेळ दाखवली म्हणून एका माणसाची बोट चुकली. त्या बोटीने त्याला कुठे जायचे नव्हते. बोटीवरच्या एका माणसाला फक्त भेटायचे होते. हे कसे घडले ते क्रमाने सांगते. जे स्वतः पाहिले ते पाहिले म्हणून सांगेन, आणि जे मागाहून कानावर आले ते ऐकले म्हणून.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. उजेडाच्या बाजूला खिडक्या, खिडक्यांशी ओळीने बसलेल्या बायका, प्रत्येकीच्या एका डोळ्याला भिंग. शिंक आली तर मान मागे वळवायची असा तिथला नियम होता, कारण माझा एकेक स्क्रू तिळाच्या दाण्याहून लहान. माझ्यात बॅटरी नाही. पोटात एक गुंडाळलेली स्प्रिंग आहे. चावी दिली की ती आवळते आणि मग दिवसभर सैल होत होत मला चालवते. दुसरी एक स्प्रिंग आहे, केसाइतकी बारीक. ती छातीच्या भात्यासारखी उघडते आणि मिटते, आणि तिच्या त्या उघडमिटीवर माझी सगळी वेळ उभी असते. ही बारीक स्प्रिंग लक्षात ठेवा.

मला पहिल्यांदा मनगटावर बांधले ते बोटी बांधणाऱ्या एका सुताराने. लाकडावर करवत चालवताना तो मला काढून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवी, लाकडाचा भुसा माझ्यात जाऊ नये म्हणून. त्याचा धाकटा भाऊ लाऊडस्पीकर दुरुस्त करायला शिकला आणि धक्क्यापासून थोड्या अंतरावर त्याने स्वतःचे दुकान थाटले. दुकान उघडले त्या सकाळी सुताराने मला आपल्या हातातून सोडले आणि धाकट्याच्या हातात बांधले.

"दुकानदार झालास. आता लोक तुला वेळ विचारतील," तो म्हणाला. "नाहीतर आजवर तूच गावभर विचारत फिरायचास."

"आणि तुला, दादा?"

"मला भरती-ओहोटी कळते. तेवढं पुरतं."

मग त्याने मला कसे वापरायचे ते सांगितले. ते शब्द मला आजही पाठ आहेत. "रोज सकाळी ठरल्या वेळी चावी द्यायची. हातातून काढून द्यायची. मनगटावर ठेवून दिलीस तर चावीची दांडी वाकते. बोटाला अडलं की थांबायचं. घड्याळाला आणि पोट भरलेल्या पाहुण्याला आग्रह करायचा नाही. तारीख बदलायची तर दिवसाउजेडी. मध्यरात्रीच्या आसपास आतली चाकं तारखेला हात घालून बसलेली असतात, तेव्हा जबरदस्ती केलीस तर दात मोडतील. आणि वेळ लावून झाली की चावी पुन्हा आत दाबायची. उघडी राहिली तर ओल शिरते."

"एवढं तर आईनं मला सांभाळताना केलं नसेल," धाकटा म्हणाला.

"म्हणून तर तू असा," दादा म्हणाला, आणि दोघे हसले.

तो धाकटा म्हणजे माझे आताचे मालक. गल्लीत सगळे त्यांना भोंगेवाले म्हणतात. त्यांचे दुकान म्हणजे एक अरुंद खोली. छतापर्यंत भोंगे, फाटक्या पडद्यांचे स्पीकर, पोट उघडलेले रेडिओ, वायरींची भेंडोळी आणि जोडकामाला तापवलेल्या सोल्डरचा वास. ते माझे सुखाचे दिवस होते. पलीकडचा पावरोटीवाला भट्टी लावण्याआधी मालकांना वेळ विचारी, आणि ते मनगट असे वळवून सांगत की जणू वेळ त्यांनीच तयार केली आहे. त्यांचे लग्न झाले. पुढे मुलगी झाली, तेव्हा सुईणीने दारातूनच ओरडून जन्माची वेळ विचारली आणि मी ती सांगितली. मुलीला ते मुंगी म्हणू लागले, कारण ती सदैव काहीतरी उचलून कुठेतरी नेत असे.

नंतर जे झाले ते सांगताना माझा आवाज जरा खाली येतो.

भावांची आई दादांकडे, वरच्या अंगाच्या गावी राहत असे. एका दुपारी दुकानात दादांचा फोन आला. "आई तुझं नाव घेतेय. पाचची बस पकड. उशीर करू नकोस."

मालकांच्या समोर शाळेच्या मैदानावरचे भोंगे पडले होते. दुसऱ्या दिवशी शर्यती होत्या, आणि पोरांची नावे पुकारायला भोंगे हवे होते. त्या कामाच्या धांदलीत त्या सकाळी त्यांनी मला चावी दिली नव्हती. सव्वाचारला माझी स्प्रिंग पूर्ण सैल झाली आणि मी थांबले. मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. "सव्वाचार. आहे वेळ." एक भोंगा जोडून झाल्यावर पुन्हा पाहिले. "अजून सव्वाचारच." ते खूश झाले. आज हात झपाझप चालतोय, असे त्यांना वाटले. तिसऱ्यांदा पाहिले तेव्हा पावरोटीवाला दुकानाची फळी लावत होता. "काय भोंगेवाले, आज बंद नाही करायचं?"

बस केव्हाच गेली होती. ते दुसऱ्या दिवशी पोचले. आई रात्रीच गेली होती, अंगणात माणसे बसली होती. दादा उठून पुढे आले. त्यांनी भावाच्या तोंडाकडे पाहिले नाही. त्याच्या मनगटाकडे, माझ्याकडे पाहिले.

"घड्याळ मी दिलं तुला," ते म्हणाले. "वेळ कुठून आणून देऊ?"

त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. दादा अधूनमधून घरी फोन करत, मालकांच्या बायकोला खुशाली विचारत, मुंगीशी गप्पा मारत. फोन मालकांनी उचलला तर दादा म्हणत, "राँग नंबर." आणि मालक म्हणत, "राँग नाही. थांब, तिला देतो." वर्षानुवर्षे त्या दोघांचे एवढेच बोलणे होत असे.

मालकांनी मला मात्र टाकले नाही. उलट ते मला फार जपू लागले. रोज सकाळी सातला रेडिओवर वेळेचे ठोके पडत, त्या ठोक्याला ते मला लावत आणि चावी देत. दादांनी सांगितले होते तसेच, हातातून काढून, बोटाला अडेपर्यंत. दुकानात गेल्यावर आधी मला बाकावरच ठेवत. पण एकदा सोल्डरचा थेंब माझ्या काचेजवळ उडाला, तेव्हा त्यांनी माझ्यासाठी खास जागा शोधली. कोपऱ्यात एक मोठा जुना स्पीकर पालथा पडून होता. त्याच्या पाठीला जाड, गोल, सपाट लोखंड होते. तिथे ठिणगी पोचत नव्हती, धक्का लागत नव्हता. माझ्यासाठी जणू पाटच मांडला होता. रोज दिवसभर मी त्या पाटावर बसून राहत असे.

मित्रांनो, तो पाट म्हणजे भलामोठा लोहचुंबक होता.

चुंबकाचा गुण माझ्या अंगात उतरला. त्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना ओढू लागले. तिचा श्वास आखूड झाला, आणि श्वास आखूड झाला की माझी चाल वाढते. सकाळी बरोबर लावलेली मी संध्याकाळपर्यंत दहा मिनिटे पुढे जाऊ लागले. मालकांनी मला घड्याळजीकडे नेले नाही. "पुढेच आहे ना," ते म्हणत. "मागे तर नाही!" आईच्या वेळी जो उशीर झाला, त्यानंतर पुढे पळणारे घड्याळ त्यांना दोष वाटत नव्हता, आधार वाटत होता. त्यांनी हिशेब ठरवून टाकला: सकाळी काही नाही, दुपारी पाच वजा, संध्याकाळी दहा वजा.

हळूहळू सगळ्या घराला हा हिशेब पाठ झाला. मुंगी वजाबाकी माझ्यावर शिकली. तिची आई शेजारणीला सांगे, "लोकांच्या घड्याळात वेळ दिसते. आमच्या ह्यांच्या घड्याळात गणित दिसतं." कोणी पाहुणा चुकून मला वेळ विचारून निघाला, तर त्याला जिन्यावरून हाक मारून परत बोलवावे लागे. यावर सगळे हसत. मीही हसण्यावारी नेले. पण घड्याळाला वजा करून वाचावे लागावे, हे मला आतून लागत असे.

वर्षे गेली. मुंगी कॉलेजात गेली. एके दिवशी दादांचा फोन आला आणि तो मालकांच्या बायकोने घेतला. फोन ठेवून ती दुकानात आली. तेव्हा मी पाटावर बसले होते, म्हणून हे मी प्रत्यक्ष ऐकले.

"तुमच्या दादांचा होता. लांबच्या गोदीत काम मिळालंय, मोठं काम आहे. परवा बोटीनं निघणार आहेत. बोट आपल्या धक्क्याला लागते."

मालकांनी हातातली सळई खाली ठेवली.

"म्हणाले, धाकट्याला सांग, बोट सहाला सुटते, दहाच मिनिटं थांबते. सामान सोडून मी वर धक्क्यावर येणार नाही. पण कठड्याशी उभा राहीन. यायचं असेल तर ये म्हणावं."

"यायचं असेल तर?" मालक म्हणाले. "असंच म्हणाला?"

"आता शब्द काय चघळत बसता? जायचं."

मुंगीने त्याच दिवशी ठरवले, की मोठ्या काकांनी दिलेले घड्याळ काकांना चांगल्या रूपात दिसले पाहिजे. माझा पट्टा तुटायला आला होता. "बाबा, पट्टा बदलून आणते," म्हणून तिने मला मागून घेतले आणि घड्याळजींकडे नेले.

घड्याळजी म्हणजे जाड भुवयांचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी मला कानाशी धरले, मग एका लहानशा होकायंत्राजवळ नेले. होकायंत्राची सुई गर्रकन माझ्याकडे वळली.

"वडील काय करतात गं तुझे?"

"भोंगे दुरुस्त करतात."

"मग बरोबर. याच्या अंगात चुंबक भरलंय. ठेवतात कुठं हे?"

"मोठ्या स्पीकरच्या पाठीवर. ठिणगी उडू नये म्हणून."

घड्याळजी खो खो हसले. "वा! उंदरांपासून वाचवायला दूध मांजराकडे ठेवलं!"

त्यांनी मला एका यंत्रावरून अलगद फिरवले. मला एवढेच जाणवले, की कित्येक वर्षांनी छाती मोकळी झाली. मग त्यांनी मला उघडले, जुने वाळके तेल पुसले, नवे थेंब दिले, काच घासली, नवा पट्टा लावला. दुसऱ्या दिवशी मुंगी न्यायला आली तेव्हा ते म्हणाले, "आता हे बरोबर चालेल. पण वापरणाऱ्याला आधी सांग. घड्याळाची खोड मी काढू शकतो. माणसाची नाही काढता येत."

"सांगणार आहे ना," मुंगी म्हणाली. "उद्या. धक्क्यावर, काकांच्या समोर. म्हणणार, काका, बघा, तुमचं घड्याळ आता बरोबर चालतंय."

घड्याळजींनी भुवया वर केल्या. मग ते पलीकडे वळले. दुसरे गिऱ्हाईक आले होते.

दुसऱ्या सकाळी सातच्या ठोक्याला मालकांनी मला लावायला घेतले. काटे जागच्या जागीच होते. "घड्याळजीनं लावूनच दिलेलं दिसतंय," ते म्हणाले आणि त्यांनी चावी दिली. मुंगी पाठमोरी उभी राहून हसू दाबत होती. तिने तेव्हा तोंड उघडले असते तर पुढचे काही घडले नसते. पण तिला वाईट म्हणवत नाही. ती एक आनंदाची गोष्ट सांभाळून ठेवत होती, आणि सांभाळून ठेवण्याची सवय तिला बापाकडूनच आली होती.

"आज दुकान नका उघडू," बायको म्हणाली.

"घरी बसून काय करू? भिंतीला विचारू, दादा अजून रागावलाय का?"

"मग आमच्याबरोबर निघा. मी आणि मुंगी अर्धा तास आधी जाणार आहोत."

"अर्धा तास आधी जाऊन पाण्याकडे बघत बसू? शिक्षा झालेल्या पोरासारखा? तुम्ही व्हा पुढे. बोट लागली की मी हजर होतो."

त्या दिवशी त्यांनी मला पाटावर ठेवले नाही. दादांना घड्याळ हातात दिसले पाहिजे, म्हणून पांढऱ्या सदऱ्याची बाही दुमडून मला दिवसभर मनगटावर ठेवले. त्यामुळे चुंबक माझ्यापासून लांब राहिला. मी अचूक चालत होते. आयुष्यात इतके नीट मी क्वचितच चालले असेन. त्यांची नाडी मला ऐकू येत होती, आणि ती माझ्याहून जलद होती.

दुपारभर त्यांनी एकच अ‍ॅम्प्लिफायर उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. धक्का दुकानापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर. म्हणजे पाच पस्तीसला निघाले की बोट लागताना पोचणार. दुकानात रेडिओ पुष्कळ होते, पण सगळे उघडे पडलेले. एकही बोलत नव्हता. मालक माझ्याकडे पाहत आणि पुटपुटत, "साडेपाच. म्हणजे पाच वीस." मी त्यांना म्हणत होते, नाही हो, साडेपाच म्हणजे साडेपाचच! पण घड्याळाला एकच भाषा येते, आणि ती समोरचा कशी वाचतो ते घड्याळाच्या हातात नसते.

माझ्यावर पावणेसहा झाले. "पाच पस्तीस," मालक म्हणाले. त्यांनी दिवा मालवला, दुकानाला कुलूप घातले आणि निघाले.

ते सावकाश चालत होते, सदऱ्याला घाम येऊ नये म्हणून. वाटेत ते पहिले वाक्य घोकत होते. "दादा, कसा आहेस?" नको. "दादा, आलो बघ." तेही नको. शेवटी एक वाक्य त्यांना पटले असावे, कारण तेच ते पुन्हा पुन्हा म्हणू लागले: "दादा, घड्याळ चालू आहे. रोज चावी देतो."

गोदामांच्या वळणावर धक्क्याचा भोंगा ऐकू आला. तो भोंगा मागच्याच महिन्यात मालकांनी दुरुस्त केला होता. ते क्षणभर थांबले आणि कौतुकाने त्यांची मान हलली. आवाज खणखणीत होता, कुठे खरखर नाही. आवाज तपासून झाल्यावर मग शब्द त्यांच्या डोक्यात शिरले. "बोट सुटत आहे. फळी काढण्यात येत आहे."

ते पळत सुटले. त्यांना पळताना मी त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते.

धक्क्यावर त्याआधी काय झाले ते मला मागाहून मायलेकींच्या बोलण्यातून कळले. बोट वेळेवर लागली होती. दादा वर येणार नाही म्हणाले होते, पण आले. एक पाय फळीवर आणि एक धक्क्यावर ठेवून उभे राहिले. केस पांढरे झाले होते, अंगात तपकिरी स्वेटर होता. त्यांनी मुंगीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या मागे रस्त्याकडे पाहिले.

"तो?"

"येतायत हो," मालकांची बायको हसून म्हणाली. "तुम्हाला माहीत नाही, त्यांचं घड्याळ कायम पुढे पळतं. उलट आधीच निघाले असतील."

हे ऐकले आणि मुंगीच्या ध्यानात आले. घड्याळ आता पुढे पळत नव्हते. ते फक्त तिला ठाऊक होते आणि घड्याळजींना. ती तशीच दुकानाकडे धावली. जवळचा रस्ता म्हणून ती गोदामांच्या मधल्या बोळातून गेली, आणि मालक मोठ्या रस्त्याने येत होते. दोघांची चुकामूक झाली. दादा फळीवर उभे होते. खलाशाने दोनदा सांगितले तेव्हा ते मागे सरले. जाताना एवढेच म्हणाले, "असू दे. मला सवय आहे."

पुढचे मी स्वतः पाहिले. मालकांनी हात वर केला, ज्या हातात मी होते तोच. दादांना मी दिसावे म्हणून त्यांनी मनगट बाहेरच्या बाजूला वळवले आणि तसाच हात धरून ते उभे राहिले. कठड्याशी तपकिरी स्वेटर घातलेला एक माणूस होता. त्याचे तोंड आमच्याकडे होते की पाठ, हे मी सांगू शकत नाही. उन्हाची तिरीप माझ्या काचेवर पडली होती. माझी काच नवीच घासलेली होती, आणि फार चमकत होती.

मुंगी धापा टाकत परत आली. बापाच्या समोर उभी राहून तिने सगळे सांगितले. होकायंत्र, स्पीकर, घड्याळजी, आणि काकांसमोर सांगायचे राहून गेलेले ते वाक्य. ते तिच्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते, असे ती नंतर आईला म्हणाली. त्यांनी मला हातातून सोडले आणि खिशात घातले.

चार दिवसांनी मुंगीने गोदीत फोन लावला. दादांना कामावरून बोलावून आणेपर्यंत बराच वेळ गेला. "काका," ती म्हणाली, "बाबा निघाले होते हो. घड्याळ बरोबर होतं, म्हणून त्यांना उशीर झाला."

पलीकडे दादा हसले, पण ते हसू कोरडे होते. फोन जुना होता आणि त्यातला आवाज सगळ्या खोलीला ऐकू येत असे.

"घड्याळ बरोबर होतं म्हणून उशीर झाला? मुंगे, तुझ्या बापाला म्हणावं, खोटं सांगायचंच तर जरा सोपं सांग."

"काका, खरंच..."

"आई गेली तेव्हा घड्याळ बंद होतं. आता बरोबर होतं. घड्याळाचं काहीही होवो, उशीर ठरलेलाच. ठेव आता. मला काम आहे."

मालक पलीकडच्या खुर्चीवर बसले होते. ते उठून दुकानात गेले. मला त्यांनी स्क्रू आणि वॉशरच्या खणात ठेवले आणि खण बंद केला. दुसऱ्या दिवशी माझ्यावर सात वाजले ते खणातच. चावी द्यायला कोणी आले नाही. त्या दुपारी मी थांबले.

मित्रांनो, बंद घड्याळाला वेळ कळत नाही, त्यामुळे किती काळ मी तिथे होते हे मला सांगता येणार नाही. तेल वाळले. पट्ट्याला बुरशी आली. एक वॉशर माझ्या घासलेल्या काचेवर कायमचा पडून राहिला आणि तिथे ओरखडा उठला. खणाबाहेर मालक कोणाला वेळ सांगत नव्हते. पावरोटीवाल्याने एकदा विचारली तेव्हा ते म्हणाले, "धक्क्यावरचं घड्याळ बघ बाबा. माझ्यावर जाऊ नकोस."

माझ्या मनाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लागते. मी खोटी चालत होते तेव्हा सारे घर मला समजून घेत होते. मी खरी झाले आणि कोणाला ते कळवले गेले नाही. म्हणून तुम्हाला माझे सांगणे आहे. घड्याळाला वेळच्या वेळी चावी द्या, चावी देताना बोटाला अडले की थांबा, पाण्यापासून आणि लोहचुंबकापासून त्याला दूर ठेवा, काही वर्षांनी एकदा उघडून तेल घाला. हे तर कराच. पण त्याची चूक दिसली तर तिच्याभोवती हिशेब मांडत बसू नका. दुरुस्त करून घ्या. आणि दुरुस्त केलेत, तर ते ज्याच्या मनगटावर आहे त्याला त्याच क्षणी सांगा. आनंदाची बातमी उद्यावर ठेवू नका. उद्या बोट दहाच मिनिटे थांबते.

परवा खण उघडला. मुंगीचा हात होता. आता बांगडी घातलेला, मोठ्या बाईचा. ती मला घेऊन घड्याळजींकडे गेली. त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या आहेत. त्यांनी मला उघडले, सुस्कारा सोडला आणि दिवसभर माझ्यावर खपले. मला परत देताना ते म्हणाले, "या खेपेला सांगशील ना?"

"दारातच सांगते."

आणि तिने दारातच सांगितले. "बाबा, घड्याळ चालू केलंय. अगदी बरोबर आहे. एक मिनिटसुद्धा वजा करायचं नाही."

"कळलं," मालक म्हणाले.

"गोदीत फोन केला होता. काकांचं काम संपलंय. ते आजच्या सहाच्या बोटीनं परत जातायत."

"त्यानं सांगितलं कळवायला?"

मुंगीने मान हलवली. "नाही. फोन कारकुनानं घेतला होता. त्यानं सांगितलं."

मालकांनी मला हातात घेतले. त्यांनी चावी दिली ती पूर्वीसारखीच, मनगटावर न बांधता, अडेपर्यंत, आणि मग थांबले. चावी आत दाबली. सदऱ्याची बाही दुमडली.

या वेळी आम्ही सगळे आधीच येऊन बसलो आहोत. मालकांची बायको म्हणाली, "बघा, आज पाण्याकडे बघत बसलात की नाही?" ते म्हणाले, "बसलो." धक्क्यावरचे मोठे घड्याळ आणि मी, दोघेही तीच वेळ दाखवत आहोत. मालक मधूनमधून माझ्याकडे पाहतात, मग ओठ हलवतात. वजाबाकी करत नाहीत. ते जुने वाक्य म्हणत आहेत.

सहा वाजून गेले. पाण्यावर अजून काही दिसत नाही. आत्ताच भोंगा खरखरला. त्याला दुरुस्ती हवी आहे. बोटीला उशीर झाला आहे, असे त्याने सांगितले. किती, ते सांगितले नाही.